पटावरचे नाव

काही वर्षांपूर्वी एका कोरडवाहू जिल्ह्यात नोकरीस असताना एका खेड्यातील प्राथमिक शाळेला भेट देण्याचा प्रसंग मला आला. दिवस पौषातले होते. शाळेची इमारत ठीक होती, फळा नवा होता, पोषण आहाराची नोंदवही व्यवस्थित होती. परंतु चौथीच्या वर्गाच्या पटावर ४१ नावे असताना समोर बसलेली मुले मोजली, तर ती १९ भरली. तपासणीस जाणाऱ्या अधिकाऱ्याने अशा वेळी काय करावयाचे असते, हे आम्हा सरकारी नोकरांना कोणी शिकवावे लागत नाही. मी शेरेबुक मागवले आणि त्यात लिहिले, ‘उपस्थिती असमाधानकारक. तातडीने वाढवावी.’

मुख्याध्यापक वयाने माझ्याहून बरेच मोठे होते. त्यांनी तो शेरा शांतपणे वाचला, बुक मिटले आणि अत्यंत नम्रपणे ते म्हणाले, “वाढवतो, साहेब. पण मुले इथून ऐंशी-शंभर कोसांवर, आईबापांबरोबर उसाच्या फडात आहेत. त्यांच्याकडे कोणी जायचे, तेवढे लिहिले असते तर बरे झाले असते.”

त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. परंतु ‘कोणी जायचे?’ हा गुरुजींचा प्रश्न मनातून गेलाही नाही. पुढे वाचन करताना लक्षात आले, की हा प्रश्न माझ्या शेऱ्याहून पुष्कळ जुना आहे. ज्या ज्या समाजाने शिक्षण सक्तीचे केले, त्या त्या समाजापुढे तो आज ना उद्या उभा राहिला आहे. अमेरिकेतील काही शहरांत, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, त्याला एक उत्तर सापडले. त्या उत्तराला आज ‘शालेय समाजकार्यकर्ता’ असे नाव आहे. त्याची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहे.

प्रथम एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हटले, की डोंगरावरची, भारी शुल्काची आणि मोजक्यांसाठी असलेली शाळा डोळ्यांपुढे येते. हा अर्थ आपण इंग्लंडकडून घेतला. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ नेमका उलट आहे. तेथे पब्लिक स्कूल म्हणजे लोकांच्या करांवर चालणारी, सर्वांना मोफत असलेली, गल्लीच्या कोपऱ्यावरची शाळा. आपल्या नगरपालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा असते, तशीच ती होय. पुढील सारी हकीकत या सर्वांच्या शाळेची आहे.

अमेरिकेतील संस्थानांपैकी मॅसॅच्युसेट्सने १८५२ साली सक्तीच्या उपस्थितीचा पहिला कायदा केला. आठ ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाने वर्षातून निदान १२ आठवडे शाळेत गेले पाहिजे, आणि त्यांपैकी सहा आठवडे सलग असले पाहिजेत, असे त्यात म्हटले होते. पालकाने हे न केल्यास २० डॉलरपर्यंत दंडाची तरतूद होती. हळूहळू इतर संस्थानांनीही असेच कायदे केले. १९१८ साली मिसिसिपीने कायदा केला आणि सक्तीचे हे वर्तुळ पूर्ण झाले. म्हणजे साऱ्या देशाला ही एक गोष्ट मान्य करावयास ६६ वर्षे लागली.

या कायद्यांच्या मुळाशी एक गृहीत होते. मूल शाळेत येत नाही याचा अर्थ एकतर ते उनाड आहे, नाहीतर त्याचा बाप निष्काळजी आहे. उनाडाला पकडून आणावे आणि निष्काळजीला दंड करावा, म्हणजे प्रश्न मिटेल. यासाठी हजेरी-अंमलदार नेमण्यात आले. ते रस्त्यांवरून, गोद्यांवरून, नाटकगृहांच्या आसपासहून मुले धरून आणीत. मुले येत आणि चार दिवसांनी पुन्हा नाहीशी होत. कारण अंमलदाराला मूल कोठे आहे, एवढेच शोधावयाचे होते. ते तेथे का आहे, हे विचारण्याची त्याच्यावर जबाबदारी नव्हती.

एकोणिसावे शतक संपत आले, तेव्हा या गृहीताला तडा जाऊ लागला. युरोपातून येणाऱ्या निर्वासितांचे आणि मजुरांचे लोंढे या काळात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरत होते. १९०७ या एकाच वर्षात १२ लाख ८५ हजारांहून अधिक माणसे त्या देशात दाखल झाली. इटालियन शेतमजूर, रशियातील छळाला कंटाळून निघालेले ज्यू आणि पोलंडमधील कामकरी यांची कुटुंबे न्यू यॉर्कच्या दाटीवाटीच्या इमारतींत, एकेका खोलीत सहा-सात जण, अशी राहू लागली. मुंबईतील गिरणगावाच्या जुन्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या वस्तीची कल्पना सहज येईल. घरोघर शिवणकाम आणि टोप्यांसाठी कापडी फुले बनविण्याचे काम चाले. त्यात पाच-सहा वर्षांच्या मुलांची बोटेही उपयोगी पडत. शाळेत मुलांना बसावयास जागा नव्हती; अनेक ठिकाणी मुले अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या पाळ्यांनी येत. शिक्षिका इंग्रजीतून शिकवी, आणि मूल घरी जाऊन आईशी बोले ती भाषा शिक्षिकेला अवगत नसे.

१९०९ साली लेनर्ड आयर्स या संशोधकाने शहरी शाळांचे आकडे तपासून एक पुस्तक लिहिले. त्यात त्याने दाखविले, की सरासरीने तीनांतील एक मूल आपल्या इयत्तेच्या मानाने वयाने मोठे आहे, म्हणजे मागे पडलेले आहे. इतकी मुले मंदबुद्धीची असू शकत नाहीत, हे उघड होते. मग दोष कोठे होता? वर्गात तर सर्वांना एकच धडा मिळत होता. तेव्हा जे काही कमी पडत होते, ते वर्गाच्या भिंतीबाहेर कोठेतरी पडत होते.

भिंतीबाहेर पाहण्याची सवय त्या काळी ज्या लोकांना होती, ते शिक्षण खात्यातले नव्हते. १८८४ साली लंडनच्या पूर्व भागात टॉयन्बी हॉल नावाची संस्था निघाली. सुशिक्षित तरुणांनी गरिबांच्या वस्तीत जाऊन दानधर्म न करता तेथे शेजारी म्हणून राहावे, अशी तिची कल्पना होती. हीच कल्पना घेऊन जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार या दोघींनी १८८९ साली शिकागोमध्ये ‘हल हाऊस’ स्थापन केले. अशा संस्थांना तेथे ‘सेटलमेंट’ म्हणत. आपण त्यांना शेजारघरे म्हणू. त्यांत राहणाऱ्यांमध्ये महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्या स्त्रियांची संख्या मोठी होती. इतर अनेक व्यवसायांची दारे त्यांना बंद होती, आणि शेजाऱ्याचे दार मात्र त्यांना उघडे होते.

या शेजारघरांनी शाळेला पहिला धडा दिला, तो आरोग्याच्या बाबतीत. न्यू यॉर्कच्या शाळांत डॉक्टर मुलांना तपासत आणि खुपऱ्या, उवा, खरूज असे काही आढळले, की त्यांना घरी पाठवीत. घरी औषधोपचार कोण करणार? मूल रस्त्यावर हिंडे आणि पटावर गैरहजेरी लागे. हेन्री स्ट्रीट शेजारघराच्या संस्थापिका लिलियन वॉल्ड यांनी १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये आपली एक परिचारिका, लीना रॉजर्स, महिनाभरासाठी चार शाळांना देऊ केली. रॉजर्सबाई शाळेत मुलांच्या जखमा धूत, पट्ट्या बांधीत, आणि दुपारनंतर त्यांच्या घरी जाऊन आईला औषध कसे घालावे ते दाखवीत. महिन्याभराचा हा प्रयोग इतका उपयोगी ठरला, की नगर प्रशासनाने तो आपल्या अंगावर घेतला. वर्षभरात रोगामुळे घरी पाठविल्या जाणाऱ्या मुलांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली. डॉक्टर तेच होते, रोगही तेच होते. फरक पडला होता तो एवढाच, की शाळेतून निघालेले कोणीतरी माणूस मुलाच्या घरापर्यंत चालत गेले होते.

हीच वाट पुढे आणखी रुंद झाली. १९०६-०७ या शालेय वर्षात न्यू यॉर्क, बॉस्टन आणि हार्टफर्ड या तीन शहरांत, एकमेकांच्या अनुकरणाने नव्हे तर स्वतंत्रपणे, एक नवे काम सुरू झाले. न्यू यॉर्कमध्ये हार्टली हाऊस आणि ग्रीनिच हाऊस या शेजारघरांनी जवळच्या शाळांतील मुलांच्या घरी जाण्यासाठी दोन कार्यकर्त्या नेमल्या. बॉस्टनमध्ये स्त्रियांच्या एका शिक्षणसंस्थेने हे काम अंगावर घेतले, आणि हार्टफर्डमध्ये मानसशास्त्रीय चिकित्सालयाच्या संचालकांच्या पुढाकाराने ते सुरू झाले. या कार्यकर्तीला ‘व्हिजिटिंग टीचर’ हे नाव पडले. आपण तिला गृहभेटीची शिक्षिका म्हणू. आज ज्याला शालेय समाजकार्य म्हणतात, त्याचा जन्म हा असा झाला.

ती नेमके काय करीत असे? वर्गशिक्षिकेच्या हाताखाली चाळीस-पन्नास मुले असत. त्यांतील एखादे सारखे गैरहजर राही, एखादे डुलक्या घेई, एखादे विनाकारण मारामाऱ्या करी, आणि एखादी हुशार मुलगी एकाएकी अभ्यासात मागे पडे. अशा मुलाचे नाव ती गृहभेटीच्या शिक्षिकेकडे देई. ही बाई मग त्याच्या घरी जाई. डुलक्या घेणारे मूल रात्री उशिरापर्यंत फुले बनवीत बसते, असे तिला आढळे. मुलगी दर सोमवारी गैरहजर असते, कारण त्या दिवशी आई धुणे काढते आणि तान्हे बाळ सांभाळावयास दुसरे कोणी नसते. कोणाकडे थंडीत घालावयास जोडे नसत. कोणाला फळ्यावरचे दिसत नसे, आणि चष्मा नावाची वस्तू त्या घराला ठाऊक नसे. प्रत्येक घरी उपाय निराळा असे. कोठे दवाखान्याची चिठ्ठी, कोठे बापाच्या नोकरीसाठी खटपट, कोठे बाळासाठी पाळणाघर, तर कोठे आईशी नुसते दोन तास बोलणे.

परंतु हे तिचे अर्धेच काम होते. उरलेले अर्धे काम, आणि माझ्या मते अधिक अवघड असलेले, ती शाळेत परत आल्यावर सुरू होई. घरी जे दिसले, ते शिक्षिकेला आणि मुख्याध्यापकांना समजावून सांगावयाचे. ‘हा मुलगा आळशी नाही, तो थकलेला आहे,’ असे म्हणण्याचा अधिकार तिच्यापाशी होता, कारण तिने ते डोळ्यांनी पाहिलेले असे. घराला शाळा समजावून सांगणे सर्वांनाच सुचते. शाळेला घर समजावून सांगण्यासाठी मात्र स्वतंत्र माणूस नेमावे लागते, हा या चळवळीचा खरा शोध होय.

पहिली काही वर्षे या कामाचा खर्च खासगी संस्थांनी सोसला. १९१३ साली रॉचेस्टर शहराच्या शिक्षण मंडळाने आपल्या स्वतःच्या अंदाजपत्रकातून अशा शिक्षिकेची नेमणूक केली. शिक्षण मंडळाने हा खर्च आपला मानण्याचा हा पहिला प्रसंग. प्रशासनात वावरणाऱ्या माणसाला या घटनेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. जे काम देणगीवर चालते ते उपकार असते; अंदाजपत्रकात शिरले, की ते कर्तव्य होते.

१९१७ साली शिकागोतील दोन विदुषींनी, एडिथ ॲबट आणि सोफोनिस्बा ब्रेकिनरिज यांनी, त्या शहरातील गैरहजेरीचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी घराघरांतून माहिती गोळा केली होती. दारिद्र्य, आजारपण, घरच्या कामाची ओढ आणि परमुलुखातून आलेल्या पालकांना कायद्याची माहितीच नसणे, अशी कारणे त्यांच्यापुढे आली. नुसता उनाडपणा हे त्यांतील एक कारण होते, आणि त्याच्याही मागे अनेकदा दुसरे काहीतरी दडलेले असे. म्हणून हजेरीचे काम समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या माणसांकडे असावे, असा त्यांनी आग्रह धरला. १८५२ च्या गृहीताला यापेक्षा स्पष्ट उत्तर मिळणे कठीण होते.

येथपर्यंतची हकीकत ऐकून ही चळवळ म्हणजे निर्भेळ यशाची कथा आहे, असा आपला समज होऊ नये. तिच्यात दोन उणिवा होत्या, आणि त्या आपल्यालाही उपयोगी पडण्याजोग्या आहेत.

पहिली उणीव अशी, की तिची वाट सर्व मुलांच्या दारांपर्यंत गेली नाही. ही सेवा मुख्यतः उत्तरेकडील मोठ्या शहरांची होती. दक्षिणेकडील संस्थानांत कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या आणि अत्यंत हलाखीच्या होत्या. तेथे हे काम निराळ्या रीतीने उभे राहिले. फिलाडेल्फियाच्या ॲना जीन्स यांनी १९०७ साली १० लाख डॉलरचा निधी दिला, आणि १९०८ साली व्हर्जिनिया रॅन्डॉल्फ या कृष्णवर्णीय शिक्षिकेची त्यातून पहिली नेमणूक झाली. त्या एका खोलीच्या शाळेत शिकवीत असत. आता आपल्या परगण्यातील अशा अनेक शाळांना भेटी देणे, आयाबायांना एकत्र करणे आणि आवार स्वच्छ करण्यापासून स्वयंपाक-शिवणापर्यंत सर्व कामांत हात घालणे हे त्यांचे कर्तव्य झाले. पुढे अशा ‘जीन्स शिक्षिका’ दक्षिणेत सर्वत्र दिसू लागल्या. त्यांना कोणी समाजकार्यकर्त्या म्हटले नाही. काम मात्र तेच होते.

दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. १९२१ साली ‘कॉमनवेल्थ फंड’ या न्यासाने बालगुन्हेगारी रोखण्यासाठी एक योजना जाहीर केली आणि तीस गावांत तीस गृहभेटीच्या शिक्षिका पुरविल्या. काम देशभर पसरले. परंतु त्याच काळात मानसोपचाराचे शास्त्र लोकप्रिय होत होते. मुलाच्या अडचणीचे मूळ त्याच्या मनात शोधण्याकडे सर्वांचा कल झाला. कार्यकर्ती हळूहळू रस्त्यावरून खोलीत आली. तिच्यापुढे टेबल आले, टेबलासमोर मूल आले, आणि चाळीची जिने चढण्याची सवय मोडू लागली. १९२९ नंतरच्या मंदीने पुन्हा एकदा भूक आणि अनवाणी पाय यांची आठवण करून दिली. ज्या ठिकाणी अशा शिक्षिकांना कामावरून कमी केले नव्हते, तेथे त्या अन्न आणि कपडे वाटू लागल्या. परंतु खोलीची ओढ पुढेही पुष्कळ वर्षे टिकली. मुलाचे मन समजून घेणे आवश्यकच आहे. परंतु ज्या घरात ते मन घडते ते घर न पाहता ते समजत नाही, हे १९६० नंतरच्या दशकात तेथील कार्यकर्त्यांना पुन्हा शिकावे लागले.

१९७५ साली अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि शाळेतील समाजकार्यकर्त्याला तेथे कायद्याचाही आधार मिळाला. आज त्या देशात या व्यवसायाच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस दर २५० मुलांमागे एक कार्यकर्ता अशी आहे. बहुतेक ठिकाणी हे प्रमाण प्रत्यक्षात आलेले नाही. तरीही आकडा लिहिला गेला आहे, आणि लिहिलेला आकडा मागता येतो.

आता आपल्याकडे वळू. शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी आपल्या देशातही जुनी आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. त्याच निवेदनात मागासलेल्या वर्गांत शिक्षणाची गोडी उत्पन्न व्हावी म्हणून शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्यावीत, असेही त्यांनी म्हटले. सक्ती आणि उत्तेजन या दोन गोष्टी त्यांनी जोडीने मागितल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व बडोदे संस्थानास लागू केला. नामदार गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात आपले विधेयक मांडले. पुढील वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. १९१७ साली शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला.

त्या काळात हा दंड आवश्यक होता, याविषयी मला शंका नाही. शिक्षण ही राजाने आणि प्रजेने गांभीर्याने घ्यावयाची गोष्ट आहे, हे त्यातून ठसले. तथापि सक्तीचा कायदा येथेही मुख्यतः दंडाच्या भाषेत बोलला. गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते.

ते उत्तर आपल्याकडे दोन वाटांनी आले. पहिली वाट थेट अमेरिकेतून आली. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने १९२० नंतरच्या दशकात मुंबईत, भायखळ्याच्या कामकरी वस्तीत, ‘नागपाडा नेबरहुड हाऊस’ स्थापन केले. टॉयन्बी हॉल आणि हल हाऊस यांच्याच वंशातले हे शेजारघर होते. त्यांच्याच पुढाकाराने सर दोराबजी टाटा न्यासाने १९३६ साली तेथे समाजकार्याचे रीतसर शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था काढली. आज ती टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून सर्वांना ठाऊक आहे. लगेच पुढच्या वर्षी, १९३७ मध्ये, तिने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले.

दुसरी वाट आपल्याच मातीतून निघाली. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बोलावूनही मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. त्यातूनच ‘अंगणवाडी’ हा शब्द रुजला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांची मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसले, तेव्हा शाळा कुरणात गेली आणि तिला ‘कुरणशाळा’ नाव मिळाले. या बायांनी न्यू यॉर्कच्या गृहभेटींचे अनुकरण केले नव्हते. मुलाला शोधत घरापर्यंत चालत गेले, म्हणजे जे दिसते, ते त्यांना दिसले एवढेच.

२००९ साली संसदेने बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अंमलात आला. त्यातील एका व्याख्येकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. ‘सक्तीचे शिक्षण’ याचा अर्थ पालकावरची सक्ती असा तेथे केलेला नाही. मुलाचा प्रवेश, त्याची उपस्थिती आणि त्याचे शिक्षण पूर्ण होणे या गोष्टी घडवून आणण्याचे शासनावरील बंधन, असा तो अर्थ आहे. १८५२ पासून ज्या शब्दाचे बोट बापाकडे रोखलेले होते, ते आपल्या कायद्याने फिरवून शासनाकडे, म्हणजे माझ्यासारख्याकडे, वळविले. ही फार मोठी गोष्ट आहे. परंतु याच कायद्याच्या अनुसूचीत शाळेला कोणकोणती माणसे असावीत याची जी यादी आहे, तीत शिक्षक आहेत, मुख्याध्यापक आहेत, कला, आरोग्य आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक आहेत; घरापर्यंत चालत जाणारे माणूस नाही. बंधन आले, पण ज्याच्या पायांनी ते पाळावयाचे तो मनुष्य अद्याप अंदाजपत्रकात आलेला नाही.

तोवर ते काम कोण करतो? महाराष्ट्रात काही शिक्षक ‘बालरक्षक’ या नावाने आपण होऊन शाळाबाह्य मुलांचा शोध घेतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय केली जाते. अंगणवाडीताई, आशाताई आणि एखादा सहृदय मुख्याध्यापक वस्तीत जातात. त्यांचे श्रम थोर आहेत. परंतु रॉचेस्टरच्या शिक्षण मंडळाने १९१३ साली जे ओळखले, ते आपणही ओळखले पाहिजे. सद्भावनेवर चाललेले काम माणूस बदलून गेला, की थांबते. शिक्षकाने शिकवावयाचे, आहार पाहावयाचा, माहिती भरावयाची आणि उरलेल्या वेळात घरोघर जावयाचे, ही व्यवस्था नव्हे.

ज्या शाळेपासून मी सुरुवात केली, तेथे पुढल्या वर्षी पुन्हा जाण्याचा योग आला. महिना तोच होता. वर्गात या वेळी २६ मुले होती. चौकशी केली, तेव्हा कळले, की दिवाळीपूर्वीच गुरुजी संध्याकाळी एकेका घरी जाऊन बसत होते. कोणाची आजी गावातच राहणार आहे, कोणाची मावशी शेजारच्या गल्लीत आहे, हे विचारून त्यांनी काही मुलांची राहण्याची सोय लावली होती. पहिल्या बाकावर बसलेल्या एका मुलीकडे बोट दाखवून ते म्हणाले, “हिच्या घरी पाच वेळा गेलो. धाकटा भाऊ कोण सांभाळील, एवढाच प्रश्न होता. त्याला आजीकडे ठेवायला आई शेवटी कबूल झाली.” न येणाऱ्यांची नावे मात्र अजूनही पटावर होती, आणि त्यांच्यासाठी गुरुजींपाशी दुसरा उपाय नव्हता.

मी शेरेबुक मागवले. मागील पानावर माझाच जुना शेरा होता. त्याच्याखाली तारीख घालून मी लिहिले, की उपस्थिती वाढली आहे. ती मुख्याध्यापकांनी घरोघर जाऊन वाढविली आहे. आणि या कामासाठी स्वतंत्र माणूस नेमण्याची आवश्यकता आहे. शेऱ्याची प्रत नेहमीप्रमाणे वर पाठविली. तिचे पुढे काय झाले, हे सांगण्यासारखे नाही. परंतु ‘कोणी जायचे?’ या प्रश्नाला त्या बुकात निदान एक ओळ उत्तर लिहिले गेले, एवढे खरे.